ड्वार्फ गुरामी पुन्हा पुन्हा का दगावते, आणि झाडांच्या टाकीत ती कशी सांभाळावी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुमच्या लक्षात येईल. नाशिकला तुमच्या घरी दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच अशी पाणझाडं लावलेली माशांची टाकी आहे, आठ महिने जुनी. मागे व्हॅलिसनेरिया, मधे रोटाला, पुढे क्रिप्टोकोरीन, झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) चालू. दहा निऑन टेट्रा आणि तीन ओटो (तळाशी राहणारे, शेवाळ खाणारे छोटे मासे) पहिल्या दिवसापासून ठणठणीत आहेत. पावडर ब्लू ड्वार्फ गुरामी, म्हणजे या छोट्या माशाचा निळा प्रकार, मात्र टिकत नाही. एकामागून एक तीन नर आणले. पहिले दोन तीन-चार महिन्यांत गेले. तिसऱ्याचा रंग उडालाय, तो हीटरमागे कोपरा धरून बसतो, खाणं सोडलंय आणि कुशीवर एक जखम दिसते. पाण्याच्या चाचणीत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, पीएच ७.४. तुम्ही विचारलंय, पाण्यात माझं काय चुकतंय, आणि हा मासा माझ्या नशिबातच नाही का?

पाण्यात तुमचं काहीही चुकत नाहीये. निऑनसारखा नाजूक मासा ज्या पाण्यात आठ महिने सुखानं राहतो, त्या पाण्यानं गुरामी मरत नाही. ड्वार्फ गुरामी त्याच्या कितीतरी पट चिवट आहे, निदान तिच्या मूळ घरची, रानातली तरी. तुमच्याकडे आलेले तिन्ही मासे बहुधा दुकानातून येतानाच आजार घेऊन आले होते. हे मी अंदाजाने म्हणतोय, कारण खात्री करायची तर प्रयोगशाळेत तपासणीच लागते. पण रंग उडणं, अन्न सोडणं, कोपऱ्यात जाणं, मग अंगावर जखम किंवा पोट फुगणं, आणि शेजारचे मासे मात्र धडधाकट, हा क्रम गेल्या वीस-बावीस वर्षांत इतक्या वेळा पाहिलाय की आता फोनवर ऐकूनही ओळखू येतो. माझ्या स्वतःच्या टाकीत एका पावसाळ्यात सहापैकी पाच नर असे गेले. तेव्हा मीही पाणी बदलत राहिलो, मीठ टाकलं, औषधं टाकली, आणि शेवटी वैतागून झाडंही उपटली. उपयोग शून्य झाला.

कारण समजून घ्यायचं तर हा मासा मुळात कुठला, ते आधी बघू.

दुकानात परदेशी माशांच्या रांगेत ठेवलेला असतो म्हणून बऱ्याच जणांना तो बाहेरचा वाटतो. तो आपल्या देशातला आहे. गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात, बिहार, बंगाल, आसाम आणि पुढे बांगलादेशात, संथ पाण्यात तो राहतो. बंगालीत त्याला लाल खोल्शे म्हणतात आणि तिथे इतर बारीक माशांबरोबर तो जेवणाच्या ताटातही येतो. फ्रान्सिस हॅमिल्टन या ईस्ट इंडिया कंपनीच्या स्कॉटिश डॉक्टरने गंगेतल्या माशांवरचा त्याचा ग्रंथ १८२२ मध्ये छापला, त्यात या माशाला शास्त्रीय नाव मिळालं. आज ते ट्रायकोगॅस्टर लालियस असं लिहितात. जुन्या पुस्तकांत कोलिसा लालिया दिसेल, मासा तोच.

त्याचं मूळ घर डोळ्यांसमोर आणा. भातखाचर, पाणसाठलेले चर, गावतळी, आणि बंगालमध्ये ज्याला बील म्हणतात तसे उथळ पसरट पाणथळ भाग. पाणी जवळजवळ हलत नाही, उन्हाने तापतं, तळाशी कुजणारा पालापाचोळा असतो, म्हणून त्यात प्राणवायू कमी. वरून झाडांची जाड गादी. अशा पाण्यात साधा मासा गुदमरेल. गुरामीच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, घड्याघड्यांचं एक इंद्रिय असतं. त्याला लॅबिरिंथ म्हणतात. मासा वर येतो, हवेचा घोट घेतो आणि ती हवा तिथे वापरतो. ही केवळ सोय नाही, गरज आहे. पृष्ठभाग गाठता आला नाही तर गुरामी पाण्यातही बुडून मरते. पोटाखाली दोन लांब धागे दिसतात ना, ते त्याचे पोटाचे पर. त्यांना स्पर्शही कळतो आणि चवही. गढूळ, झाडोऱ्याने भरलेल्या पाण्यात आंधळ्याच्या काठीसारखे तो ते पुढे धरून चाचपत जातो. तुमच्या टाकीत नवीन मासा आल्यावर त्याने क्रिप्टोच्या पानांना, निऑनला, काचेला धागे लावून पाहिले असतील. तो घर ओळखून घेत असतो.

आता तुमचा पावडर ब्लू. हा रंग त्या तळ्यांत मिळत नाही. मूळ नर लाल आणि निळसर-हिरव्या तिरक्या रेघांचा असतो, गळा निळा. त्यातून निवड करत करत शेतीतल्या तळ्यांत पावडर ब्लू, निऑन ब्लू, फ्लेम रेड, कोरल ब्लू असे प्रकार तयार केले गेले. आग्नेय आशियातल्या मत्स्यशेतांवरून, विशेषतः सिंगापूरच्या मार्गाने, हे मासे जगभर जातात. अगदी जवळच्या नात्यातले मासे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत, दाट गर्दीच्या तळ्यांत वाढवले की काय होतं हे कोंबडीपालन करणाऱ्या कुणालाही विचारा. साथ शिरली की सगळीकडे पसरते.

इथे शिरलेली साथ एका विषाणूची आहे. मेगालोसायटीव्हायरस या गटातला हा विषाणू प्लीहा आणि मूत्रपिंडावर घाला घालतो. छंदातले लोक त्याला ड्वार्फ गुरामी व्हायरस म्हणतात. त्याच्यावर औषध नाही. ऑस्ट्रेलियात २००३ साली व्हिक्टोरियातल्या एका मत्स्यशेतीत मरे कॉड या त्यांच्या खाण्याच्या माशाची पिल्लं मोठ्या प्रमाणावर मेली, आणि तिथला विषाणू गुरामीतल्या विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळला. मग सिडनीच्या संशोधकांनी दुकानांतल्या ड्वार्फ गुरामी तपासल्या. जवळपास २२ टक्के माशांत विषाणू सापडला. ऑस्ट्रेलियाने मार्च २०१६ पासून बाहेरून येणाऱ्या गुरामींसाठी या विषाणूची तपासणी सक्तीची केली. आपल्याकडे ग्राहकाला अशी कुठली चाळणी मिळत नाही. चाळणी आपल्यालाच लावावी लागते.

विषाणूच्या जोडीने माशांचा क्षयही गुरामीत बराच दिसतो. मासा खंगतो, पाठ वाकते, जखमा होतात. त्यातला एक जिवाणू माणसाच्या हातावरच्या जखमेतून कातडीत शिरू शकतो आणि महिनोन् महिने न भरणारी गाठ होते. हाताला काप असेल तर आजारी माशाच्या टाकीत हात घालू नका, किंवा लांब हातमोजे घाला. ही सूचना मी दरवेळी देतो आणि दरवेळी कुणीतरी ती हसण्यावारी नेतं. कृपा करून नेऊ नका.

तर आता हातात असलेल्या तिसऱ्या माशाचं काय? त्याला आज संध्याकाळीच वेगळ्या भांड्यात काढा. मेला तर निऑनना तो टोचू देऊ नका, कारण आजारी माशाचं मांस खाण्यातूनही लागण होते, आणि हा विषाणू गुरामीपुरताच मर्यादित नाही. वेगळ्या भांड्यात उबदार, उथळ पाणी, थोडी तरंगती झाडं, काळोख. आठवडाभर खाल्लं आणि जखम सुकली तर ठीक, साधी जखमही असू शकते. खाणं सोडलेलंच राहिलं, पोट फुगलं, तो आडवा पडायला लागला, तर त्याला वेदनेत ठेवू नये असं माझं मत आहे. लवंग तेल थोड्या कोमट पाण्यात बाटलीत घालून खूप हलवा, ते मिश्रण माशाच्या भांड्यात हळूहळू सोडा. लिटरला तीन-चार थेंबांनी मासा झोपतो. झोपल्यावर आणखी दहा-बारा थेंबांचं मिश्रण घाला आणि कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही अर्धा तास तसंच ठेवा. मग मातीत पुरा. गोदावरीत किंवा गटारात टाकू नका. जाळी, पाइप, बादली पातळ ब्लीचमध्ये बुडवून, भरपूर धुऊन, कडक उन्हात वाळवा. आणि पुढचे तीन महिने त्या टाकीत कुठलीही गुरामी आणू नका. तीन महिने हा माझ्या सवयीतून आलेला आकडा आहे, नियम नव्हे.

हे तीन महिने वाया जाणार नाहीत, कारण त्यात टाकी गुरामीसाठी तयार करता येईल. तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून तुमची टाकी सुंदर आहे, पण ती निऑनची टाकी आहे. पृष्ठभाग पूर्ण उघडा, प्रखर दिवा, आणि फिल्टरचा झोत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. निऑन मधल्या थरात राहतो, त्याला चालतं. गुरामीचं सगळं आयुष्य वरच्या चार बोटं पाण्यात जातं, आणि नेमकं तेच तुमच्याकडे ओसाड आहे. म्हणूनच तो हीटरमागे जाऊन बसत होता. आजारपणाने बसत होताच, पण निरोगी असता तरी बसला असता.

पहिलं काम, तरंगती झाडं. वॉटर स्प्राइट सर्वांत उत्तम. ते तरंगत ठेवलं की खाली मुळांचा झुबका सोडतं, पानं मऊ असतात, आणि नराला घरट्यासाठी तेच सगळ्यात आवडतं असा माझा अनुभव आहे. सॅल्विनिया, रेड रूट फ्लोटरही चालतील. डकवीड (टिकलीएवढ्या पानांचं तरंगतं झाड) आणू नका, एकदा आलं की जन्मभर निघत नाही. पृष्ठभागाचा साधारण निम्मा भाग झाकू द्या, निम्मा मोकळा ठेवा, नाहीतर खालच्या रोटालाला उजेड मिळणार नाही आणि तिची खालची पानं गळतील. रोटालाचा हट्ट असेल तर हवेच्या पंपाच्या बारीक नळीची कडी करून तरंगती झाडं एका बाजूला अडवता येतात. त्या बाजूच्या सावलीत क्रिप्टो, अनुबियास, जावा फर्न, मॉस. म्हणजे एकाच टाकीत ऊन आणि सावली दोन्ही. गुरामी दिवसभर त्या सीमेवर फिरताना दिसेल. अंधाऱ्या बाजूने उजेडात आला की निळा रंग जो पेटतो तो प्रखर पांढऱ्या दिव्याखाली दुकानात कधीच दिसत नाही. मागच्या काचेला काळा कागद आणि तळाला गडद वाळू असेल तर फरक आणखी जाणवतो.

दुसरं, फिल्टरचा झोत मोडा. आउटलेट काचेकडे वळवा, किंवा फवारा देणारी नळी पाण्याखाली लावा, किंवा सरळ स्पंज फिल्टरवर या. तुमच्या टाकीत झाडं भरपूर आहेत आणि मासे मोजके, त्यामुळे निम्म्या प्रवाहावरही पाणी स्वच्छ राहील. झाडं अमोनिया थेट खातात, हे विसरू नका.

तिसरं, झाकण. लॅबिरिंथमध्ये बाहेरची हवा जाते, आणि डिसेंबर-जानेवारीत नाशिकची रात्रीची हवा कशी असते हे तुम्हाला मी सांगायला नको. निफाडचा पारा पेपरात येतो त्या दिवसांत उघड्या टाकीतला मासा २६ अंशांच्या पाण्यात राहून ८-१० अंशांची हवा गिळत असतो. काचेचं झाकण ठेवलं की पाण्यावरची हवा उबदार आणि ओलसर राहते. पाणी आणि झाकण यांत दोन बोटं अंतर, आणि एका कडेला हवा खेळायला फट. हीटर २५ ते २७ अंशांवर, ७५ किंवा १०० वॅटचा पुरेल. याच कारणाने थंडीत गुरामी विकत आणणं मी टाळतो. प्रवासात पिशवी गार पडते आणि आजार तिथेच डोकं वर काढतो.

सीओटूबद्दल एक सावधगिरी, जी मला सहसा कुणी सांगताना दिसत नाही. बरेच जण सीओटू जास्त झाला की नाही हे मासे वर येऊन धापा टाकतात का यावरून ओळखतात. गुरामी तशीही वर येऊन हवाच घेते. पाण्यात गॅस जास्त झाला तरी ती बराच काळ तग धरते, आणि तोवर ओटो तळाशी आडवे झालेले असतात. म्हणून गुरामीकडे पाहून सीओटू ठरवू नका. ड्रॉप चेकर (पाण्यातला सीओटू रंगावरून दाखवणारी छोटी काचेची कुपी) लावा, तो हिरवा ठेवा, आणि दिवा बंद होण्याआधी तासभर गॅस बंद.

पाण्याचं फार लांबवत नाही. पीएच ६ ते ७.५, मध्यम मऊ पाणी. तुमचं ७.४ चालेल. धरणाचं पाणी येत असेल तर क्लोरीन काढलं की झालं. चिंता बोअरवेलवाल्यांनी करावी. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारं पाणी बऱ्याच ठिकाणी इतकं जड असतं की काचेवर पांढरी रेघ उमटते. तिथे निम्मं आरओचं पाणी मिसळावं. देशी बदामाची लाल होऊन आपोआप गळलेली पानं मिळाली तर धुऊन, वाळवून दोन पानं टाकीत सोडा. पाणी चहासारखं हलकं तपकिरी होतं. ज्यांना स्फटिकासारखं पाणी हवं त्यांना हे आवडत नाही, मला मात्र गुरामी त्याच पाण्यात सर्वांत निवांत दिसते. पानं रस्त्याकडेच्या झाडाची नकोत, धूर आणि फवारण्या असतात.

आता खरेदी. इथेच निम्मी लढाई आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

दुकानात गेलात की त्या टाकीतल्या सर्वांत देखण्या माशाकडे बघू नका, सर्वांत वाईट माशाकडे बघा. एक जरी फिकट, जखमी, तळाशी पडलेला किंवा मेलेला दिसला तर त्या टाकीतलं काहीही घेऊ नका, आणि ज्या टाक्यांना तीच जाळी फिरवली जाते त्यांतलंही. माल आज आलाय असं सांगितलं तर दोन आठवड्यांनी या. तोवर जो उरेल तो घ्यावा. दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. गुरामी खायला आली नाही तर ती घेऊ नये, मग तिचा निळा कितीही डोळ्यांत भरो. पोट किंचित गोल हवं, खपाटीला गेलेलं नको, टम्म फुगलेलंही नको. दोन्ही धागे शाबूत हवेत. फार लहान वयात फार भडक रंग दिसला तर मला शंका येते, कारण हार्मोन देऊन रंग लवकर चढवता येतो, मादीवरसुद्धा. असा मासा घरी आल्यावर काही आठवड्यांत फिका पडतो.

आणि शक्यतो पावडर ब्लूचा मोह सोडा. साध्या रेघांचा नर मागा. दुकानदार म्हणेल, तो तर जुना प्रकार, त्याला कोण विचारतं. त्यालाच विचारा. कोलकात्याहून येणाऱ्या मालात कधी कधी रानातून धरलेल्या किंवा गावतळ्यांत वाढवलेल्या गुरामी असतात. कोलकात्याला गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात मी त्या पहिल्यांदा पाहिल्या, प्लास्टिकच्या घमेल्यात, मातकट, कुणी ढुंकूनही बघणार नाही अशा. चार घेऊन पुण्याला आणल्या. तीन आठवडे तशाच मातकट राहिल्या. चौथ्या आठवड्यात एका सकाळी दिवा लावला तर वॉटर स्प्राइटखालून एक नर बाहेर आला, त्याच्या अंगावरच्या लाल रेघा ओल्या कुंकवासारख्या आणि मधल्या निळ्या मोरपिसासारख्या. तो नर माझ्याकडे साडेचार वर्षं जगला. तेव्हापासून मी निळे प्रकार आणणं बंद केलं. अशा माशांत जंत असू शकतात, म्हणून वेगळं ठेवण्याचा काळ त्यांनाही लागू आहेच.

वेगळं ठेवणं म्हणजे किमान सहा आठवडे. दहा-पंधरा लिटरचा टब, स्पंज फिल्टर, हीटर, तरंगती झाडं, झाकण, वेगळी जाळी. एवढंच. या आजाराला उमटायला वेळ लागतो, म्हणून नेहमीचे दोन आठवडे इथे पुरत नाहीत.

तुमच्या ७० लिटरच्या टाकीत एकच नर. हे अगदी ठाम सांगतो. दोन नर ठेवले तर दुबळा नर कायम कोपऱ्यात राहील, आणि सततच्या धास्तीने तोही आजारी पडेल. एक नर आणि दोन माद्या चालतील, झाडी दाट असेल तर. मादी रुपेरी, फिकट रेघांची, तिचा पाठीवरचा पर मागे गोलसर, नराचा टोकदार. दुकानात माद्या क्वचितच ठेवतात कारण त्या विकल्या जात नाहीत. सांगून मागवाव्या लागतात. सोबतीला तुमचे निऑन आणि ओटो उत्तम. कुहली लोच, पिग्मी कोरी, हार्लेक्विन रासबोरा हेही चालतात. टायगर बार्ब नको, तो धागे तोडतो. बेट्टा (फायटर मासा) नको, दोघांचाही हक्क एकाच पृष्ठभागावर. लाल कोळंबी ठेवायची असेल तर मोठी टिकेल, पिल्लं बरीचशी खाल्ली जातील.

खायला बारीक दाणे, कारण तोंड लहान आणि वर वळलेलं. आठवड्यातून दोनदा डाफ्निया (पाण्यातले बारीक जीव) किंवा गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या). डासांच्या अळ्या मिळाल्या तर त्यासारखं अन्न नाही, फक्त ज्या पाण्यात कीटकनाशक पडलेलं नाही तिथल्याच घ्या. दुकानात वाटीत वळवळणारे ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल किडे, मी कधीच देत नाही. ते कुठल्या गटारातून आले हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. एक गंमत बघा : झाडाच्या पाण्याबाहेर आलेल्या पानावर बारीक किडा बसला तर गुरामी खालून तोंडाने पाण्याची चिळकांडी मारून त्याला पाडते. मी हे तीनदाच पाहिलंय, पण ज्या दिवशी पाहिलं तो दिवस अजून लक्षात आहे.

आणि हे सगळं जमलं, तर तुम्हाला तो देखावा दिसेल ज्यासाठी मी हा मासा पाळतो. साधारण उन्हाळ्याच्या सुरुवातीला नर पृष्ठभागाचा एक कोपरा राखायला लागतो. हवा गिळून, लाळेत घोळून, बुडबुडे सोडतो. बेट्टाही बुडबुड्यांचं घरटं करतो, पण ड्वार्फ गुरामीचं काम गवंड्याचं आहे. तो झाडांचे तुकडे तोडून आणतो, रोटालाचं पान, स्प्राइटची मुळी, मॉसचा धागा, आणि ते बुडबुड्यांत विणतो. घरटं इतकं पक्कं होतं की झाकण उघडून-मिटलं तरी फुटत नाही. त्या दिवसांत झाडं छाटू नका, आणि रोटालाची टोकं कुरतडलेली दिसली तर खताची कमतरता शोधत बसू नका.

मग तो मादीला घरट्याखाली बोलावतो, पर पसरून, अंग थरथरवत. ती तयार असेल तर त्याच्या कुशीला तोंड लावते. नर तिला मिठीत वळवतो आणि अंडी सुटतात. अंड्यांत तेलाचा थेंब असल्याने ती आपोआप वर तरंगतात. खाली राहिलेली तो तोंडात गोळा करून घरट्यात ठेवतो. असं अनेकदा होतं, मिळून काहीशे अंडी. संपलं की तो मादीला हाकलतो, आणि टाकी लहान असेल तर ती मार खाते. तिला लपायला जागा नसेल तर लगेच बाहेर काढा. अंडी २७-२८ अंशांना साधारण एका दिवसात फुटतात, आणि पुढे तीनेक दिवसांनी पिल्लं पोहायला लागतात. तोवर नर घरट्याखालून हलत नाही. पोहायला लागली की मात्र त्यालाही काढावं, कारण मग तो खाऊ शकतो.

पिल्लं वाढवायची तर निऑनच्या टाकीत जमणार नाही, वेगळी टाकी, सहा इंच पाणी. पिल्लं इतकी बारीक असतात की आर्टेमियासुद्धा (पिल्लांना देतात ती अगदी बारीक कोळंबी) पहिल्या आठवड्यात तोंडात मावत नाही. इन्फ्युसोरिया, म्हणजे कुजत्या पानांच्या पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव, लागतो. अंडी दिसायच्या आठवडाभर आधी कोबीचं किंवा बदामाचं पान जुन्या टाकीच्या पाण्यात कुजत ठेवा. मी चार वेळा पिल्लं काढली, पहिल्या दोन वेळा उपासमारीने सगळी गेली, कारण इन्फ्युसोरिया अंडी दिसल्यावर करायला घेतला होता. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यांचं लॅबिरिंथ तयार होतं. त्या काळात झाकण अजिबात उघडं राहू नये, गार हवेने एका रात्रीत निम्मी जातात.

एवढं वाचून वाटलं की हा व्याप नको, तर हनी गुरामी घ्या. ट्रायकोगॅस्टर चुना, त्याच खोऱ्यातली सख्खी बहीण. आकाराने आणखी लहान, चार-पाच सेंटिमीटर. स्वभाव मवाळ, आणि माझ्या अनुभवात आजार फार कमी. दुकानात फिकट पिवळट दिसते म्हणून पडून राहते. रमली की नर मधाच्या रंगाचा होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत काळानिळा पट्टा उमटतो. नर-मादीत एवढा फरक की हॅमिल्टनने १८२२ साली त्या दोन वेगळ्या जाती समजून दोन नावं दिली होती, चुना आणि सोटा. घेताना मात्र नीट बघा. सनसेट नावाने जी नारिंगी, जाड ओठांची गुरामी विकतात ती बऱ्याचदा वेगळीच जात असते आणि दुप्पट वाढते.

तुमच्या टाकीसाठी मी काय करेन तेही सांगतो. आता वॉटर स्प्राइट आणून सोडेन, झोत मोडेन, झाकण करून घेईन. थंडी ओसरली की फेब्रुवारीच्या शेवटी साध्या रेघांचा एक नर शोधायला लागेन, आणि मिळेपर्यंत थांबेन. मार्चअखेरपर्यंत नाही मिळाला तर हनी गुरामीचा एक नर आणि दोन माद्या. टबातले सहा आठवडे संपल्यावर संध्याकाळी दिवा बंद करून मासा टाकीत सोडा, दुसऱ्या दिवशी खायला घालू नका, आणि तो दिसला नाही म्हणून झाडं हलवून शोधू नका. स्प्राइटखाली असेल.